गणिताचे कोडे मायबोलीत हवे

अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिका नदी सागराला जेथे मिळते त्या मुखाशी रेवदंडा वसले आहे. या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे. तिथी पाहावी आणि तिचा आकडा पाऊणपट करावा. येईल तो पूर्ण भरतीचा स्थूल तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शाळेची पायरीही न चढलेल्या दर्यावर्दींच्या पिढ्यांनी या एका गुणाकाराच्या भरवशावर होड्या पाण्यात लोटल्या. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे जुन्या अंकलिपीत असत आणि घराघरांत संध्याकाळी दिवेलागणीला म्हटले जात. पाऊणकी तोंडपाठ असलेल्या माणसाला समुद्राची वेळ कोणाला विचारावी लागत नसे.

आज याच किनाऱ्यावरील घरांत तिसरी-चौथीतील मूल संध्याकाळी भ्रमणध्वनीवर गणिताच्या कोड्यांचे ॲप उघडून बसलेले आढळते. पडद्यावर रंगीबेरंगी फुगे वर चढतात, प्रत्येकावर एक बेरीज असते. योग्य फुगा फोडला की टाळ्या वाजतात, तारे मिळतात आणि इंग्रजीतून शाबासकी दिली जाते. आईवडिलांना समाधान वाटते की, मूल निदान अभ्यासाचेच काहीतरी करीत आहे. शेजारी बसलेल्या आजोबांना पाऊणकी येते; परंतु नातू ज्या भाषेत ‘फिफ्टी थ्री मायनस सेव्हन’ असे पुटपुटतो, त्या भाषेत त्यांना शिरता येत नाही. नातवाला ‘त्रेपन्न’ म्हटले तर तो बावरतो. एकाच घरातील दोन पिढ्यांच्या आकड्यांची अशी फारकत झाली आहे आणि तिची फारशी खंत कोणाला वाटत नाही.

गणिताची ॲप चांगली की वाईट, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. तंत्रज्ञान दाराशी आले आहे आणि ते परत जाणार नाही. मुलाला कोडे कोण घालतो, कोणत्या भाषेत घालतो आणि कशासाठी घालतो, हा खरा प्रश्न आहे.

दुखणे खरे आहे

गणिताच्या शिक्षणाची स्थिती समाधानकारक असती, तर या विषयाची चर्चा एवढ्या तातडीने करावी लागली नसती. देशाच्या ग्रामीण भागात घरोघर जाऊन मुलांची चाचणी घेणाऱ्या ‘असर’ या पाहणीचा २०२४ सालचा अहवाल बोलका आहे. इयत्ता तिसरीतील केवळ ३३.७ टक्के मुलांना हातच्याची वजाबाकी करता आली. पाचवीतील तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागू शकणारी मुले ३०.७ टक्के होती. आधीच्या पाहणीपेक्षा हे आकडे वाढले आहेत, ही आनंदाची गोष्ट. तरीही पाचवी संपवणाऱ्या दहा मुलांपैकी सुमारे सात मुलांना भागाकार येत नसेल, तर पुढील सारे शिक्षण वाळूवर उभे राहते.

त्याच अहवालातील दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीपूर्वीच्या आठवड्यात त्याचा उपयोग शिक्षणाशी संबंधित कामासाठी करणारी मुले ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी करणारी ७६ टक्के होती. साधन घरात पोहोचले, त्याचा विवेक पोहोचला नाही, असाच याचा अर्थ. धाकट्या भावंडांच्या हाती हेच साधन येत असते. म्हणून त्या साधनातून त्यांच्यापुढे काय ठेवले जाते, याकडे समाजाने डोळेझाक करून चालणार नाही.

वेग म्हणजे गणित नव्हे

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गणिती खेळांचा गाभा एकच असतो. घड्याळ लावलेले असते, साठ सेकंदांत जितकी उत्तरे येतील तितके गुण. सलग सात दिवस खेळले तर बक्षीस, एक दिवस चुकला तर मिळवलेले सारे गेले. मध्येच जाहिरात, आणि पुढच्या पायरीवर जायचे तर वडिलांच्या खात्यातून पैसे. पाढे पक्के करण्यासाठी अशा कवायतीचा थोडा उपयोग आहे, हे मान्य करावे. परंतु याला कोडे म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. कोडे माणसाला थांबवते. ते जेवताना, झोपताना डोक्यात घोळते, दुसऱ्या दिवशी अचानक सुटते आणि सुटल्याचा आनंद कोणत्याही ताऱ्याविना पुरेसा असतो. घड्याळाखाली वाढलेले मूल ‘मला येत नाही’ या निष्कर्षाला चाळीस सेकंदांत पोहोचते. गणिताची भीती येथेच रुजते.

वेगाचा हा मोह केवळ परदेशी खेळांपुरता नाही. ‘वैदिक गणित’ या नावाने चालणाऱ्या अनेक वर्गांतही झटपट उत्तर हेच आकर्षण असते. शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचा त्या नावाचा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९६५ मध्ये प्रकाशित झाला. त्यातील सूत्रे वेदांच्या उपलब्ध संहितांत वा परिशिष्टांत आढळत नाहीत, हे ग्रंथाचे संपादक डॉ. वासुदेवशरण अग्रवाल यांनीच नमूद करून ठेवले आहे. त्यातील युक्त्या रंजक आहेत, मुलांना त्या जरूर दाखवाव्यात. मात्र युक्ती का चालते, हे मूल विचारू लागेल तेव्हाच ते गणित झाले. स्वाभिमानासाठी संशयास्पद दाव्यांचा आधार घेण्याची गरज या भूमीला नाही. निःसंशय असे पुष्कळ आहे.

लीलावतीची भूमी

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. त्यातील ‘लीलावती’ हा भाग म्हणजे कोड्यांचा खजिना आहे. फुलांवर विखुरलेले भुंगे, सरोवरातील हंस, वाऱ्याने मोडलेला वेळू, खांबावरचा मोर आणि बिळाकडे धावणारा साप. हे सारे तेथे अपूर्णांक, वर्गमूळ आणि काटकोन त्रिकोण शिकवायला उभे आहेत. गणिताने निसर्गाचा हात धरावा आणि विद्यार्थ्याला प्रेमाने संबोधून प्रश्न विचारावा, ही रीत तेथे दिसते. चाळीसगावजवळील पाटण येथे सापडलेल्या, शके ११२८ मधील दानाची नोंद असलेल्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचे आणि त्यासाठी दाने मिळाल्याचे नोंदलेले आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. गणित शिकवण्यासाठी समाजाने पदरमोड करावी, ही कल्पना महाराष्ट्राला आठशे वर्षे जुनी आहे.

विसाव्या शतकातील उदाहरण तर अधिक जवळचे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणू येथे झाला आणि आयुष्यभर त्यांनी देवळालीच्या शाळेत मुलांना शिकवले. कोणतेही मोठे विद्यापीठ पाठीशी नसताना हा शाळामास्तर आकड्यांशी खेळत राहिला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येऊन ठेपते आणि तेथेच थांबते. जग आज तिला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांची ओळख करून दिल्यानंतर त्यांचे नाव जगभर गेले.

हाच खेळ तीन अंकी संख्येवर तिसरीच्या मुलालाही करता येतो. ३५२ घेतले तर ५३२ वजा २३५ म्हणजे २९७. ९७२ वजा २७९ म्हणजे ६९३. ९६३ वजा ३६९ म्हणजे ५९४. ९५४ वजा ४५९ म्हणजे ४९५. आणि ४९५ वर पुन्हा तेच केले तर पुन्हा ४९५. मुलाने हातच्याची वजाबाकी चारदा केली, पण त्याला ती शिक्षा वाटली नाही. कारण पुढे काय येते, याची उत्सुकता होती. ‘असर’ची चाचणी ज्या वजाबाकीत मुलांना अडलेली पाहते, तिचा याहून गोड सराव कोणता असेल? महाराष्ट्रातील एका शिक्षकाने दिलेले हे कोडे महाराष्ट्रातील किती मुलांच्या पडद्यावर आज दिसते?

त्रेपन्न की पस्तीस?

मायबोलीचा आग्रह धरताना तिच्यातील अडचण लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मराठीत ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर. लिहिताना मात्र पाच आधी लिहायचे असतात. कित्येक मुले ५३ ऐवजी ३५ लिहून बसतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’ या नावासोबत ‘साठ तीन’ असेही वाचन दिले गेले आणि राज्यभर वादळ उठले. विधिमंडळापासून वाहिन्यांपर्यंत चर्चा झडली, टिंगलही झाली. गणित अभ्यास मंडळाच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे भूमिका मांडली की, जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने अडखळणाऱ्या मुलांसाठी ही सोय आहे. ‘गणितगप्पा’सारख्या पुस्तकांतून मुलांच्या मनातील गणिताची भीती घालवण्यासाठी या विदुषी आयुष्यभर झटल्या. २०२३ मध्ये त्या निवर्तल्या. त्यांनी सुचवलेला मार्ग पटो वा न पटो, त्यांनी दाखवलेले दुखणे खरे होते.

त्यावर उपाय दोन. एक, संख्यांची जुनी नावेच हळूहळू बाजूला सारावी. दुसरा, ती नावे मुलाला गोडीने पक्की करून द्यावीत. दुसऱ्या उपायासाठी भ्रमणध्वनीसारखे साधन दुसरे नाही. यंत्र कंटाळत नाही, रागावत नाही. स्वच्छ मराठी उच्चारात ‘त्रेपन्न’ ऐकवावे, मुलाने पाच दहांचे गठ्ठे आणि तीन सुटे मणी उचलून ठेवावेत, मग आकडा लिहावा, चुकल्यास पुन्हा. चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकाला हे प्रत्येकाशी वीस वेळा करता येत नाही. ॲपला ते सहज करता येते.

शिवाय ज्यांना आपण अडचण समजतो, त्या नावांतच कोडी दडली आहेत. एकोणीस, एकोणतीस, एकोणपन्नास या शब्दांत वजाबाकी भरलेली आहे. पन्नासाला एक कमी, तो एकोणपन्नास. मग एकोणनव्वदपर्यंत हा नियम नीट चालत असताना शंभराला एक कमी असलेल्या संख्येलाच ‘नव्याण्णव’ का म्हणतात? आठ वर्षांच्या मुलाला हा प्रश्न विचारून पाहावा. भाषा आणि गणित यांची सांगड घालणारे असे कोडे इंग्रजी खेळाच्या भाषांतरातून कधीच मिळणार नाही.

किनाऱ्यावरचे कोडे

आता पुन्हा भरतीच्या हिशेबाकडे वळावे. कारण पाचवीच्या मुलासाठी त्यात एक सुरेख कोडे आहे. अमावास्या-पौर्णिमेला या भागात पूर्ण भरती बाराच्या सुमारास येते. परंतु पौर्णिमेची तिथी पंधरावी आणि पंधराचे पाऊणपट होतात सव्वाअकरा! मग पाऊण तास हरवला कोठे?

मुलाला थोडा वेळ द्यावा. अमावास्येचे बारा ते पौर्णिमेचे बारा, म्हणजे पंधरा तिथींत भरती बारा तासांनी पुढे सरकली. बारा तासांची मिनिटे ७२०. त्यांना पंधराने भागले की ४८. भरती दर तिथीला ४८ मिनिटे पुढे जाते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. दर तिथीला तीन मिनिटे मागे राहिली, पंधरा तिथींत पंचेचाळीस; हाच तो हरवलेला पाऊण तास. अधिक नेमके हवे तर पाऊणपट करण्याऐवजी तिथीचे पाच भाग करून चार घ्यावेत. पण पाऊणकी सर्वांना पाठ होती, पाच भागांतील चारांचा पाढा कोणालाच नव्हता. आणि होडी लोटायला एवढी अचूकता पुरे होती. प्रत्यक्ष समुद्रात जाणाऱ्याने आज अधिकृत वेळापत्रकच पाहावे, हे खरे. मुलाला मात्र या एका कोड्यातून गुणाकार, भागाकार, अपूर्णांक, चंद्राची गती आणि ‘पुरेसे अचूक’ म्हणजे काय, इतके सारे मिळते. आणि उत्तर तपासायला ॲपमधील तारा लागत नाही. खाडीवर जाऊन पाहता येते.

असेच मासळीबाजारातील वाट्यांचे, नारळ-सुपारीच्या वाडीतील ओळींचे, रेवदंड्याच्या किल्ल्यातील सातखणी मनोऱ्याच्या सावलीचे. सावलीवरून मनोऱ्याची उंची काढणे हे सातवीच्या भूमितीचे कोडे गावातच उभे आहे. चौल-रेवदंड्याचे हे बंदर शतकानुशतके देशोदेशींच्या व्यापाऱ्यांचे होते. पंधराव्या शतकात रशियाचा अफानासी निकितिन येथेच उतरला. व्यापार म्हणजे हिशेब. अशा गावातील मुलाने गणित कोठल्यातरी परक्या शहराच्या सफरचंदांवर आणि डॉलरवरच का शिकावे?

बाजाराच्या भरवशावर नको

उच्च शिक्षण इंग्रजीतून आहे, मग लहानपणी मराठी कोड्यांचा हट्ट कशाला, असा आक्षेप घेतला जातो. सेमी-इंग्रजी वर्गांचा प्रसार याच विचारातून झाला. परंतु संकल्पना एकदाच समजावी लागते. तिचे दुसऱ्या भाषेतील नाव नंतर चार दिवसांत शिकता येते. समजलीच नाही, तर नाव कोणत्याही भाषेतले असो, ते ओझेच होते.

जगाचा अनुभव याला दुजोरा देतो. शाळेपासून दूर राहिलेल्या मुलांना वाचन-लेखन-गणित स्वतःच शिकता येईल असे ॲप करण्याची ‘ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ’ ही जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये संपली. टांझानियातील १७० गावांतील सुमारे तीन हजार मुलांच्या हाती टॅब्लेट देऊन तिची परीक्षा झाली. सारे धडे इंग्रजीत नव्हते. ते त्या मुलांना कळणाऱ्या स्वाहिलीत होते. ‘वनबिलियन’ आणि ‘किटकिट स्कूल’ या दोन गटांना पारितोषिक विभागून मिळाले. अंतिम फेरीतील सर्वांची संगणकीय संहिता जगाला खुली करण्यात आली. म्हणजे पाया तयार आहे, त्यावर आपल्या भाषेचे घर बांधायचे आहे.

मराठीत बाजारपेठ नाही, ही तक्रारही टिकत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख आहेत. जर्मनीची लोकसंख्या जवळपास एवढीच. सुमारे पन्नास लाख वस्तीच्या नॉर्वेतून २०१२ मध्ये ‘ड्रॅगनबॉक्स’ आला. समीकरण हा शब्दही न उच्चारता तो लहान मुलांकडून समीकरणे सोडवून घेतो. संख्याबळ आपल्याकडे आहे, उणीव आहे ती निश्चयाची.

केवळ भांडवलाच्या जोरावर उभे राहिलेले शिक्षण किती ठिसूळ असते, हेही देशाने पाहिले. २०२२ मध्ये सुमारे २२ अब्ज डॉलर मूल्यांकन झालेल्या ‘बायजूज’विरुद्ध जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल करून घेतली गेली. निसर्गानेही धडा दिला. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाड्या भुईसपाट झाल्या, वीज आणि भ्रमणध्वनीची सेवा कित्येक गावांत दीर्घ काळ खंडित राहिली. नेमक्या त्याच काळात शाळा बंद होत्या आणि शिक्षण पडद्यावरून चालू असल्याचे सांगितले जात होते. इंटरनेटवाचून चालणारे ॲप आणि ॲपवाचून चालणारी छापील अंकलिपी, दोन्ही हाताशी हवीत.

करता येण्याजोगे

हे काम शासनावर सोपवून मोकळे होण्याचे नाही. २०२१ मध्ये सुरू झालेले ‘निपुण भारत’ अभियान २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीअखेर पायाभूत अंकज्ञान देण्याचे ध्येय ठेवते. त्याला समाजाचा हातभार लागला तरच ते साध्य होईल. पुणे, मुंबई, बंगळुरूच नव्हे तर अमेरिकेतही संगणक क्षेत्रात नाव काढणारे हजारो मराठी तरुण आहेत. त्यांच्यातील चार जणांनी सुटीचे दिवस दिले आणि जिल्हा परिषद शाळेतील दोन अनुभवी गुरुजी व बाई त्यांच्या जोडीला बसल्या, तर जाहिरातीवाचूनचे, विनामूल्य, शुद्ध मराठी उच्चाराचे कोड्यांचे ॲप उभे राहणे अशक्य नाही. कोडी गोळा करण्याचे काम तर संगणक न येणारेही करू शकतात. प्रत्येक गावातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात हिशेबाच्या युक्त्या, वजन-मापांच्या रीती आणि तोंडी कोडी आहेत. ती पिढी उठून जाण्यापूर्वी ती टिपून घेतली पाहिजेत. रेवदंड्याचे नाव महाराष्ट्रभर गेले ते डॉ. नानासाहेब धर्माधिकारी यांच्या कार्यामुळे. अक्षरओळखीसाठी प्रौढांचे वर्ग चालवण्याची परंपरा या परिसराने पाहिली आहे. तेथे आजी-आजोबांनी नातवंडांना आकडे शिकवण्याचा उपक्रम अवघड का वाटावा?

पालकांनी काही साधे नियम पाळावेत. प्राथमिक वर्गातील मुलाने गणिताचे ॲप एकट्याने वापरू नये. शेजारी मोठे माणूस हवे. घड्याळ लावणारे, जाहिराती दाखवणारे आणि पैसे मागणारे खेळ काढून टाकावेत. मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास प्रतिबंध करणारी तरतूद २०२३ च्या वैयक्तिक विदासंरक्षण कायद्यात आहे; ती पालकांनी जाणून घ्यावी. पंधरा-वीस मिनिटे झाली की पडदा मिटवावा आणि सुटलेले कोडे मुलाने घरातील दुसऱ्या कोणाला तरी मराठीत समजावून सांगावे. सांगता आले तर ते त्याला समजले. न आल्यास उद्या पुन्हा बसावे. परीक्षा एवढीच.

पाढे पाठ असलेली आजी आणि पडदा हाती असलेला नातू आज एकाच ओटीवर, परंतु पाठीला पाठ लावून बसले आहेत. त्यांना समोरासमोर बसवील असे मराठी कोडे कोणी घालायचे, हे ठरवण्यास आणखी दहा वर्षे थांबून चालणार नाही. तोवर पाऊणकी येणारे कोणी उरलेले नसेल.